कढईपाशी न घ्यायचं नाव

बिरवाडीच्या गाळ्यावर एखादं नवखं गिऱ्हाईक आलं आणि त्यानं "काय गणपतदादा, वडे गरम आहेत का?" असं विचारलं, तर गणपतदादा उत्तर द्यायचे नाहीत. ऐकू येत नव्हतं असं नाही, कान चांगले तिखट होते. पण ते आधी गॅस बारीक करायचे. झारा कढईच्या काठावर आडवा ठेवायचे. खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचे, गाळ्याची पायरी उतरायचे, चार पावलं चालून रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहायचे आणि मग तोंड भरून म्हणायचे, "हां, बोला. मी गणपत."

गिऱ्हाईक गोंधळून पुन्हा विचारायचं, वडे गरम आहेत का? "हायेत ना! चला, देतो." की दादा परत चार पावलं मागे, पायरी वर, गॅस मोठा. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली की तीस-चाळीस माणसं एकदम गाळ्यावर यायची. तेवढ्या गर्दीत एकानं जरी नावानं हाक मारली तरी सगळ्यांचे वडे लांबायचे. म्हणून जुने कामगार नव्यांना आधीच बजावून ठेवायचे, "काका म्हण, मालक म्हण, पण नाव घेऊ नको. म्हातारा खाली उतरतो."

पुष्कळांना ते चक्रम वाटायचे. ते चक्रम नव्हते. इतका सरळ माणूस मी माझ्या वकिलीच्या सगळ्या वर्षांत दुसरा पाहिला नाही, आणि हे खूळ त्यांच्या डोक्यात घालणारा गाढव मीच होतो. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी पोलादपूरला जायला हवं.

मी महाडला वकिली करतो. तहसील कचेरीच्या कामासाठी पोलादपूरला जाणं व्हायचं आणि काम असो नसो, हायवेच्या कडेला गणपतदादांच्या वड्यासाठी गाडी थांबायची. दादा मूळचे कुडपणचे. वयाच्या सोळाव्या वर्षी डोंगर उतरून मुंबईला गेले, एका ऑफिसच्या कँटीनमध्ये बशा विसळता विसळता तळणीवर पोहोचले, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आले. कुडपणात वडा कोण खाणार? म्हणून खाली पोलादपूरला पत्र्याची टपरी टाकली. वर पाटी लावली, 'गणपतचा वडा'.

त्या वड्याची एक खूण होती. गोळा पिठात बुडवायच्या आधी दादा त्याच्यावर अंगठा हलकाच दाबायचे. त्या खळग्यात पीठ साठायचं आणि तळल्यावर तिथे कुरकुरीत टिकली तयार व्हायची. लोक आधी ती टिकली खुडून खायचे. मी विचारलं होतं, हे कुठे शिकलात? म्हणाले, "शिकलो नाय. पयल्या दिवशी गोळा हातातून सुटत होता म्हणून दाबला. लोकांना आवडला. मग काय, दाबतोय."

एसटीचा कंडक्टर घंटी वाजवायला लागला की प्रवासी कासावीस व्हायचे, लवकर द्या, लवकर द्या. दादा वडा अर्धा कच्चा काढायचे नाहीत म्हणजे नाहीतच. "घाई हाय? मग बिस्कीट खा," एवढंच म्हणायचे, आणि खरोखरच शेजारी बिस्किटांची बरणी ठेवलेली असायची. ती बरणी कुणी उघडल्याचं मला आठवत नाही. गाडी सुटेल या भीतीवर वड्याचा वास भारी पडायचा.

शेजारी त्यांची बायको, सरूवहिनी, चटणी वाटत बसलेली असायची. नवऱ्यापेक्षा उंच, आवाज खणखणीत, हिशेब तोंडी. फक्त एका बाबतीत ती जुन्या वळणाची होती. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. हाक मारायची ती "अवो" अशी, आणि तिसऱ्याशी बोलताना "संगीचे बाबा". लग्नात बायकांनी नाव घ्यायचा आग्रह केला की ती पाण्याचा हंडा उचलून निघून जायची. टपरीवर दिवसभर शंभर माणसं 'गणपत, गणपत' करायची, पाटीवर ते नाव हातभर मोठ्या अक्षरांत होतं, आणि पाटीखाली बसलेल्या या बाईच्या तोंडून मात्र ते कधी यायचं नाही.

मग मुंबईची एक कंपनी आली. दादांचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. मुलगी संगीता पनवेलला सासरी सुखात होती, टपरी पुढे चालवणारं कुणी नव्हतं. कंपनीला पाककृती हवी होती, जागा हवी होती, फोटो हवा होता आणि मुख्य म्हणजे नाव हवं होतं. पैसे बरे देत होते, पण दादा पैशाला भुलले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना भुरळ पडली ती नावाची. "वकीलसाहेब, ठाण्याला पाटी लागणार म्हणतायत. पुण्याला पण. आमच्या वाडीतल्या कुणाचं नाव तालुक्याबाहेर गेलं नाय आजवर."

करार मी वाचला. त्यात दोन बंद्या होत्या. दोन वर्षं दादांनी खाण्याचा कुठलाच धंदा करायचा नाही, ही पहिली. आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यात 'गणपत' हे नाव त्यांनी पुन्हा कधीही वापरायचं नाही, ही दुसरी. तिला मुदतच नव्हती. मी दोन्ही समजावून सांगितल्या. दादांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "वापरायचं नाय म्हंजे कसं?"

आता इथे मी सरळ उत्तर द्यायला हवं होतं. पण दुपारची वेळ होती, पोटात भूक होती, आणि मला विनोद सुचला. मी म्हणालो, "म्हणजे यापुढे कढईपाशी उभं राहून स्वतःचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचंच झालं तर चार पावलं बाहेर जाऊन घ्या!" कंपनीची माणसं हसली. मीही हसलो. दादा हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, मुंबईच्या रात्रशाळेत शिकलेली सही सावकाश, एकेक अक्षर सांभाळत केली, आणि मग टपरीवर चढून स्वतःच्या हातानं पाटी उतरवली. तिला कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि लेक सासरी पाठवावी तशी कंपनीच्या गाडीत नेऊन ठेवली. कंपनीला ती जुनाट पाटी नकोच होती. पण तसं सांगण्याची कुणाची छाती झाली नाही.

पहिलं वर्ष मजेत गेलं. दादांनी कुडपणचं घर नीट बांधून घेतलं, नाचणी केली, पडवीत बसून डोंगर बघितला. मग एकदा पनवेलला लेकीकडे गेले तेव्हा जावयानं त्यांना हौसेनं एका मोठ्या दुकानात 'गणपतचा वडा' दाखवायला नेलं. परत आल्यावर तडक माझ्या ऑफिसात आले.

"साहेब, त्यांनी मला फेटा बांधलाय."

मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. तिथे भिंतभर त्यांचं चित्र होतं, मिशा दुप्पट आणि डोक्याला केशरी फेटा. दादांनी जन्मात फेटा बांधला नव्हता; लग्नातसुद्धा टोपी होती. वडा घेतला, तर त्याला अंगठ्याचा खळगा होता, पण सगळ्या वड्यांना अगदी एकाच जागी. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "आजोबा, या वड्याची चव एकदा घ्या, गणपतरावांची खास रेसिपी आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? समोर कढई होती. मी आपला गप खाल्ला आणि म्हटलं, बरा हाय."

त्या क्षणी मला माझा तो विनोद आठवला. मी त्यांना परोपरीनं समजावलं की दादा, ती थट्टा होती, कायद्यात चार पावलांचा काही संबंध नाही, तुम्ही कुठेही उभे राहून स्वतःचं नाव सांगू शकता, फक्त धंद्याला देऊ शकत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दिवशी फी घेतलीत ना तुमी?"

"घेतली."

"मग थट्टा कशी? फी घेऊन वकील सांगतो तो कायदा." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

दोन वर्षांची बंदी ज्या दिवशी सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सरूवहिनीनं जाहीर केलं की डोंगराकडे बघून तिचे डोळे दुखायला लागले आहेत. दोघं खाली उतरली आणि बिरवाडीत एक गाळा भाड्यानं घेतला. धंदा वहिनीच्या नावावर. फूडचं लायसन काढताना तिला पूर्ण नाव विचारलं तेव्हा तिनं आधार कार्ड पुढे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. लायसन भिंतीवर लागलं. बाहेरची पाटी मात्र कोरी. हिरवा रंग दिलेला पत्रा, त्याच्यावर एक अक्षर नाही. "नाव द्यायचं तर लोकांना सवय लागेल त्या नावाची," दादा म्हणायचे. "आणि मी एकदा सवय लावून मोडलीय."

लोकांना पाटी लागतच नव्हती. पहिल्याच आठवड्यात पोलादपूरहून पाळीला येणाऱ्या एका कामगारानं वड्यावरची टिकली खुडली, तोंडात टाकली आणि ओरडला, "अरे, हा तर गणपतदादाचा!" दादा गॅस बारीक करून खाली उतरले. ते उतरणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला हसावं की रडावं कळेना.

दसऱ्याला घोळ झाला. एका कारखान्यात पाइपांना रंग देणारा पेंटर रोज तिथे खायचा. काका-काकूंची पाटी कोरी आहे याचं त्याला वाईट वाटायचं. सणाचं काहीतरी करावं म्हणून त्यानं भल्या सकाळी, गाळा उघडायच्या आत, शटरच्या जाळीतून भिंतीवरचं लायसन वाचलं आणि ते नाव जसंच्या तसं पिवळ्या रंगात पाटीवर उतरवलं. झोकदार अक्षर होतं. 'सरस्वती गणपत सकपाळ'.

आठवडाभरात कंपनीची नोटीस आली. सोबत पाटीचा फोटो, त्यात 'गणपत'भोवती लाल गोल.

नोटिशीचं उत्तर मी लिहायला घेतलं, पण दादांनी उत्तराची वाट बघितलीच नाही. एक गोणपाट आणलं, घडी केली आणि पाटीच्या बरोबर मधोमध तारेनं बांधलं. आता पाटी अशी दिसायची: सरस्वती, मग गोणपाट, मग सकपाळ. शिवाय मला निरोप पाठवला की साहेबांनी त्रास घेऊ नये, लायसनवर पण तेच नाव आहे, ते काही झाकता येणार नाही, तेव्हा दिवाळीच्या आत गाळा कायमचा बंद करतो. शब्द दिलाय तो दिलाय.

दुसऱ्या दिवशी सरूवहिनी एकटी माझ्या ऑफिसात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, त्यांना सांगा ता गोणपाट काढायला. येणारीजाणारी माणसं बघतात. मी काय बिननवऱ्याची हाय?"

"वहिनी, त्यांना वाटतं करार मोडेल."

"मोडंल तर मोडंल! दोन वरसं ता माणूस पडवीत नुसता बसला होता. जेवायचा नाय धड. कढईपाशी उभा राह्यला तेव्हा कुठं माणसात आला. गाळा बंद केलान तर मी पुन्हा त्याला पडवीत बसलेला बघायचा?" तिचा तो खणखणीत आवाज शेवटी ओला झाला. मी कंपनीला फोन लावला आणि माझ्या ऑफिसात समोरासमोर बसायचं ठरवलं.

कंपनीकडून आलेला तरुण अधिकारी भला वाटला. लॅपटॉप उघडून बसला. मी कलमं काढून ठेवली होती, चांगलं पाऊण तासाचं भाषण तयार होतं. दादा कोपऱ्यात, हात बांधून, गुन्हेगारासारखे. वहिनीनं येताना वड्यांचा डबा आणला होता, तो टेबलाच्या मध्यभागी. त्या तरुणानं आधी नोंद करायला घेतली आणि अदबीनं विचारलं, "मावशी, आपलं पूर्ण नाव सांगा."

वहिनी खाली बघू लागली. सवयीनं दादा मदतीला पुढे झाले, "तिचं नाव सरस्वती..."

"थांबा तुमी!" वहिनी कडाडली. "तुमी इकलंय. तुमी नका घेऊ." तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, त्या तरुणाकडे सरळ बघितलं आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सरस्वती. गणपत. सकपाळ."

आणि गणपतदादा ताडकन उभे राहिले. "ओ!" त्यांच्या तोंडून निघालं. बायकोनं हाक मारली आणि नवऱ्यानं ओ दिली, एवढंच ते होतं. पण चाळीस वर्षांत ते पहिल्यांदा घडलं होतं. आम्ही हसू दाबतोय तोच दादांचं लक्ष टेबलावरच्या डब्याकडे गेलं. डब्यात वडे होते. झालं! ते लगबगीनं दाराबाहेर गेले, उंबऱ्यापासून चार पावलं मोजली आणि बाहेरून म्हणाले, "हां, बोल."

कंपनीचा माणूस माझ्याकडे बघू लागला. मला त्याला सगळा खुलासा करावा लागला, माझ्या विनोदासकट. वकिलाला पक्षकाराच्या समोर इतकं ओशाळं कधी वाटू नये.

वहिनीचं मात्र बोलून झालं नव्हतं. "ह्यांनी ह्यांचं नाव इकलं, ता तुमचं झालं. माझा काय म्हणणं नाय. पण माझ्या नावातला मी कधी इकला? बघा तुमच्या कागदावर, माझी सही हाय का कुठं?"

सही नव्हती. माझं पाऊण तासाचं भाषण या चार वाक्यांत आटपलं होतं. तरुणानं वडा घेतला, टिकली खुडून खाल्ली, आणि फोनवर मुंबईला बराच वेळ बोलला. शेवटी तोडगा निघाला: बाईंचं पूर्ण नाव पाटीवर राहू द्यावं, फक्त तिन्ही शब्द सारख्याच आकाराचे असावेत, मधला मोठा करू नये. लेखी आलं. दादांनी गाळ्यावर जाऊन फूटपट्टीनं अक्षरं मोजली. 'सरस्वती'ची वेलांटी अर्धा इंच वर गेली होती ती राहू दिली, पण 'गणपत'चा 'प' जरा रुंद आहे म्हणून पेंटरला बोलावून तो बारीक करून घेतला. मग गोणपाट काढलं.

त्या दिवशी ऑफिसातून निघताना दादा जिन्यात थांबले. वहिनी खाली पोहोचली होती. इकडेतिकडे बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "साहेब, ता नाव ती परत एकदा घेईल असं कायद्यात काय बसवता येतं का?"

मी म्हटलं, तेवढा कायदा माझ्याकडे नाही. ते मान हलवत, पण चेहऱ्यावर सगळं हसू घेऊन जिना उतरले.

त्यानंतर तीन वर्षं गाळा झोकात चालला. नावानं हाक आली की दादा अजूनही खाली उतरायचे, कारण पाटीवरचं नाव बायकोचं होतं आणि त्यांनी स्वतः विकलेलं ते विकलेलंच. मी कितीदा म्हटलं, आता पुरे. "तुमची फी वाया जाईल ना," म्हणायचे. मागच्या वर्षी गौरीगणपतीला कुडपणला गेले, दुपारी जेवून पडवीत आडवे झाले आणि उठले नाहीत. मला संगीताचा फोन आला तेव्हा मी कोर्टात होतो. पक्षकार पुष्कळ गेले माझे. इतकं एकटं वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं वहिनीनं गाळा पुन्हा उघडल्याचं कळलं. मी मुद्दाम पाळी सुटायच्या आधी गेलो, गर्दी नको म्हणून. वहिनी पाठमोरी उभी होती. खांद्यावर तोच पंचा. कढईतून तोच वास. पाटीवर तीन शब्द, सारख्या उंचीचे. आणि इतक्या वर्षांची जीभ, माझ्या तोंडून निघून गेलं, "गणपतदादा, दोन वडे."

बोललो आणि जीभ चावली. काय करून बसलो हे मी!

वहिनीनं मागे वळून बघितलं नाही. तिनं गॅस बारीक केला. झारा कढईच्या काठावर आडवा ठेवला. पंच्याला हात पुसले, पायरी उतरली, चार पावलं चालून माझ्यासमोर रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

"हां," ती म्हणाली, "बोला."